हॅम्बर्गला कुणी मागून हाक मारत नाही

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी बोलायला कुठून सुरुवात करायची तेच कळेनासं झालंय. मधल्या काळात बरंच काही झालं, आणि त्यातलं काहीही सांगायला घेतलं की तू मध्येच विचारशील, 'पन हे कशाला?' म्हणून आधी तेच सांगून टाकते. मी जर्मनीला शिकायला गेले. चौतिशी उलटल्यावर. एमबीए करते आहे, त्यातही आंतरराष्ट्रीय वित्त, म्हणजे एका देशातला पैसा दुसऱ्या देशात जाताना वाटेत त्याचं काय होतं, त्याचं शिक्षण. सध्या थोड्या दिवसांसाठी घरी आले आहे. पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू आहे, होड्या वर ओढून ताडपत्र्यांखाली झाकून ठेवल्यात, दादा ओसरीवर जाळं शिवत बसलाय, आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात बसले आहे. आता ते वहिनीचं आहे. चुलीच्या जागी फ्रिज आलाय, पण खिडकीतून वारा आला की खारट वास येतो तो तसाच.

कशाला गेले ते सांगते. तू गेलीस तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. पास झाले आणि वालीवच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला लागले. तिथे पितळेचे बारीकसारीक भाग बनायचे आणि खोक्यांत भरून जर्मनीला जायचे. खोकी तीच, माल तोच, युरोमधली किंमतही वर्षभरासाठी ठरलेली. पण आपल्या बँकेत रुपये जमा व्हायचे ते दर खेपेला वेगळे. मी शेठना विचारलं, असं का? ते म्हणाले, भाव वरखाली होतो. मी विचारलं, कोण करतं वरखाली? ते म्हणाले, तू एंट्री कर. मी एंट्री केली, वर्षानुवर्षं केली, पण तो प्रश्न घशात अडकलेल्या काट्यासारखा तिथेच राहिला. भाताचा गोळा गिळून बघितला, केळं खाऊन बघितलं, काटा काही जाईना. तू म्हणायचीस ना, हिला प्रश्नांचा रोग आहे. तो वाढतच गेला. मग संध्याकाळी परीक्षांची तयारी केली, अर्ज केले, आणि एक दिवस दादाला सांगितलं की मी जाते आहे. मग त्याने एवढंच विचारलं की तिथे मासे मिळतात का.

मिळतात, पण त्यांना डोकी नसतात. ते असो. शिक्षण मला फार आवडलं. वर्गात कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, सगळी माझ्याहून लहान, आणि आमचे प्राध्यापक फळ्यावर चलनांच्या रेघा काढायचे तेव्हा मी पुढे वाकून बसायचे. शेवटी मला कळायला लागलं होतं की रुपया का घसरतो, आणि घसरायच्या आधीच आजचा भाव बांधून कसा ठेवता येतो. कळण्यातली गंमत सांगू? प्रत्येक नवी गोष्ट शिकले की मी ती मनातल्या मनात आपल्या अर्नाळ्याच्या बंदरावर नेऊन लावून बघायचे. निम्म्या वेळा ती चपखल बसायची. निम्म्या वेळा मुळीच बसायची नाही, आणि मग मी परत येताना ट्रेनमध्ये विचार करत बसायचे की चूक पुस्तकाची की बंदराची.

दिवसात तुझे दोन अवतार असायचे. सकाळी बंदरावर तू घेणारी, आणि ऊन चढल्यावर आगाशीच्या बाजारात तूच विकणारी. शाळेला सुट्टी असली की मी दोन्हीकडे तुझ्या मागे. होडी लागली की टोपल्या वाळूवर यायच्या. होडीवाला भाव सांगायचा, तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस, मासा उचलून त्याचा कल्ला उघडून बघायचीस, आपला भाव सांगायचीस आणि तो नाही म्हणाला की पदर खोचून पाठ फिरवायचीस. तुझी ती चाल मला अजून दिसते. घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. थोडी पुढे गेलीस की मागून हाक यायची, आणि तू अशी वळायचीस की जणू तुला दुसऱ्याच कुठल्या कामाची आठवण झाली. बाजारात हे सगळं उलटं. तिथे गिऱ्हाईक पाठ फिरवायचं आणि हाक तू मारायचीस. आणि तिथे तुम्हा बायकांचा एक कायदा होता. कुठे लिहिलेला नाही, पण कुणी मोडलेला मी पाहिला नाही. एखादीच्या माशांच्या पाटीवरून गिऱ्हाईक उठलं की जिची पाटी तिने पहिली हाक मारेपर्यंत शेजारणींनी तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाईक अगदी त्यांच्या पुढ्यातून जायचं, आणि त्या माश्या हाकलत भलतीकडे बघत बसायच्या. लहानपणापासून हेच बघितल्यामुळे माझी समजूत झाली होती की जगात सगळीकडे हे असंच चालतं. निघालेल्या माणसाला एक हाक मिळतेच, तो त्याचा हक्क आहे.

एकदा मी ती हाक बिघडवली होती, आठवतं? एक बाई पापलेटाच्या जोडीवरून घासाघीस करत बसली होती. ती उठली, उठून चपलेचा पट्टा सारखा करायला वाकली, तेवढ्यात मी ओरडले, या हो काकी, घ्या तुमच्या भावात. तिने जोडी नेली. तू पैसे पदराला बांधलेस. घरी येऊन मांदेली तळायला घेतलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'ती अजून गेलीच नव्हती. आधी जाऊ तर दे. मानूस गेल्याबिगर त्याला बोलवायचं कसं?' मी विचारलं, आणि गेलीच असती तर? तू म्हणालीस, 'कोन जातंय. ज्याला पायजे असतं तो हळू चालतो.' मग कढईतली सगळ्यात कुरकुरीत मांदेली माझ्या ताटात टाकलीस. तो राग होता की शिकवण होती, मला तेव्हाही कळलं नाही.

आता हॅम्बर्गचं ऐक. आमच्या शिक्षणाच्या शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. तो एखाद्या कंपनीत बसून, तिचा खरा प्रश्न घेऊन लिहिला तर पुढे तिथेच नोकरी लागू शकते. मला हवी तशी कंपनी हॅम्बर्गला सापडली. ती छोट्या निर्यातदारांना चलनाच्या चढउतारापासून सांभाळायचं काम करते, आणि त्यांना भारतातल्या लहान कारखान्यांचा अभ्यास करणारं कुणीतरी हवं होतं. म्हणजे वालीवचाच म्हण ना. तिथल्या शेकडो कंपन्यांत माझ्या घशातल्या काट्यासाठी काढलेली अशी ती एकच जागा. ती मिळाली तर ज्या प्रश्नामागे मी नोकरी सोडून एवढ्या लांब आले, त्याच्यावर मला काम करता येणार होतं. नाही मिळाली तर कुठल्यातरी दुसऱ्याच विषयावर पानं भरून पदवी घ्यायची आणि परत येऊन पुन्हा एंट्र्या करायच्या. मला ती जागा किती हवी होती ते तुला सांगायला नको. मी मुलाखतीच्या आदल्या दिवशी रस्ता पाठ व्हावा म्हणून त्या इमारतीपर्यंत जाऊन आले होते.

मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. चष्मा कपाळावर चढवून ठेवायच्या आणि मग तो टेबलावर शोधायच्या. आम्ही छान बोललो. मी वालीवच्या खोक्यांची गोष्ट सांगितली, त्यांनी इतके प्रश्न विचारले की वाटलं, यांनाही तोच रोग आहे. शेवटी त्यांनी जागा देऊ केली आणि पगार सांगितला. मी माझा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, इतका शक्य नाही, या कामाला आम्ही सगळ्यांना एवढाच देतो. आणि मग आई, माझ्या अंगात तू आलीस. मी हसले, फाइल बंद केली, म्हटलं, मग मला जमणार नाही, आभारी आहे. हात मिळवला आणि पाठ फिरवली. अगदी तुझ्या चालीने चालले. बाहेर पाणी प्यायचं यंत्र होतं, तिथे थांबून तहान नसताना पाणी प्याले. लिफ्ट आली ती जाऊ दिली. दुसरी आली तेव्हा तिच्यातल्या माणसाने माझ्यासाठी दार धरून ठेवलं, मग चढावंच लागलं. खाली दरवाज्यावरच्या माणसाने माझ्या गळ्यातला पाहुण्यांचा बिल्ला काढून घेतला आणि दिवस चांगला जावो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंची ईमेल आली. तुमच्या निर्णयाबद्दल वाईट वाटतं, पण आम्ही त्याचा आदर करतो, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. आदर करतो, हे मी कितीदा तरी वाचलं. मी कसलाही निर्णय घेतलेला नव्हता. मी नुसती पाठ फिरवली होती. माझ्या गटातल्या एका जर्मन मुलाला मी हे सांगितलं तर तो खरोखरच गोंधळून गेला. तुला जागा हवी होती ना? हो. मग तू नको का म्हणालीस? मी त्याला समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगता मलाच ऐकू आलं की हे किती वेड्यासारखं आहे. त्या रात्री मी खूप रडले, हेही सांगून टाकते. स्वतःचा राग आला, आणि खरं तर थोडा तुझाही आला. इतकं शिकवलंस, पण हाक आलीच नाही तर काय करायचं ते कधी सांगितलं नाहीस.

रविवारी सकाळी मी उठून नदीकाठच्या मासळीबाजारात गेले. हॅम्बर्गला तो फक्त रविवारी भरतो. तिथे मला पहिल्यांदा ओरडणारे जर्मन दिसले. एक दांडगा माणूस गाडीवर उभा राहून धुरी दिलेले वाम मासे विकत होता. किंमत एकच, ती काही उतरवायची नाही. पण लोक थांबले नाहीत की पिशवीत आणखी एक मासा टाकायचा, मग आणखी एक, आणि प्रत्येक वेळी घसा खरवडून ओरडायचा. आपल्याकडे भाव खाली येतो, त्यांच्याकडे पिशवी फुगते. मला फार मजा वाटली. मी अगदी पुढे जाऊन उभी राहिले, पिशवीत डोकावून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवून हळू चालायला लागले. मागून त्याचं ओरडणं चालूच होतं, पण ते मला होतं की अख्ख्या जगाला, कळायला मार्ग नव्हता. वळून बघितलं तर माझी पिशवी एका आजोबांच्या हातात गेली होती.

मग मी पाण्याकडे तोंड करून पायरीवर बसले, आणि तिथे मला एक दिवस आठवला. तू बंदरावरून रिकामी टोपली घेऊन आलीस. आज म्हावरं नव्हतं, म्हणालीस, आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलंस. पण त्याच दुपारी समोरच्यांच्या ओट्यावर त्यांचं सगळं घर कोलंबी सोलत बसलं होतं, मीही त्यांच्यात जाऊन बसले होते. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. इतक्या वर्षांनी, एल्बे नदीच्या काठी, मला पहिल्यांदा वाटलं की त्या दिवशी म्हावरं असणार. भरपूर असणार. तुलाच कुणी हाक मारली नसणार.

मी दादाला फोन लावला आणि मावशीकडे न्यायला सांगितला. तीच, बाजारात तुझ्या शेजारी पाटी लावायची ती. ती मिस्सा आटपून नुकतीच चर्चमधून आली होती, रविवारची साडी अजून अंगावर होती. फोन तिने इतका जवळ धरला की मला नुसतं कपाळ दिसत होतं. मी विचारलं, मावशी, आईने पाठ फिरवली आणि कुणी बोलावलंच नाही असं कधी झालं होतं का? 'कितीदा तरी,' ती म्हणाली. 'भाव चढलेला असला की कोन कुनाला बोलवतंय.' मग ती काय करायची? 'काय करनार. बर्फाच्या कारखान्याच्या मागनं वळसा मारून पलीकडनं यायची. आताच घरातनं आल्यासारखी. त्याच होडीवर जाऊन इचारायची, काय रे, काय लागलंय आज?' मी म्हटलं, होडीवाल्याला कळायचं नाही? मावशी एवढी हसली की फोन हलून मला तिच्या घराची कौलं दिसायला लागली. 'कळनार नाय तर. तो पन म्हनायचा, ये गो, आज उशीर केलास.'

रिकाम्या टोपलीचा दिवस मात्र तिला आठवत नव्हता. त्यामुळे ते मी अजून धरून बसले आहे. त्या दिवशी तू वळसा मारून गेली नाहीस का? की गेलीस आणि टोपल्या उचलल्या गेल्या होत्या? की होडीवाला नवा होता आणि त्याला नाटक येत नव्हतं? आणि मला का नाही सांगितलंस? पाठ फिरवायची तेवढी दाखवलीस, वळसा दाखवला नाहीस. मला वाटतं, पोरीने फक्त मान ताठ ठेवून चाललेली आई बघावी असं तुला वाटत असणार. पण हा माझा अंदाज आहे, आणि आता तो तपासून बघायला तू नाहीस. याचं मला फार वाईट वाटतं.

सोमवारी मी परत त्या इमारतीत गेले. हसू नकोस, पण मी आधी मागचा दरवाजा शोधला. होता, पण तिथे कचऱ्याचे डबे होते आणि दाराला आकड्यांचं कुलूप. मग पुढून गेले. बाई खाली आल्या. मला काही आताच आल्यासारखं करता आलं नाही, तेवढी तुझी कला माझ्यात उतरलेली नाही. मी सरळ सांगितलं की मला ती जागा हवी आहे, तुम्ही सांगितलेल्या पगारात हवी आहे, आणि आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून बोलावतात म्हणून मी निघाले होते. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मी तुम्हाला कुठपर्यंत जाऊ द्यायला हवं होतं? मी म्हटलं, लिफ्टपर्यंत. त्यांनी तो विचार खरंच करून बघितला, मला दिसलं ते. मग म्हणाल्या, तुमचा अर्ज बंद झाला आहे, बंद झालेला अर्ज मला उघडता येत नाही. पण जागा अजून भरलेली नाही. नव्याने अर्ज करणाऱ्याला मी अडवू शकत नाही.

मी नव्याने अर्ज केला. नव्याने बोलावणं आलं. तीच खोली, तीच खुर्ची, शेजारी आणखी एक साहेब बसलेले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, माझे कागद पुढे घेतले आणि आयुष्यात मला पहिल्यांदा बघत असल्यासारखं म्हणाल्या, तुमच्याविषयी थोडं सांगा. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. मला क्षणभर हुंदका येतो की हसू येतं ते कळेना. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, खोकी, रुपये, शेठ, एंट्री, आणि त्यांनी तेच सगळे प्रश्न पुन्हा तितक्याच उत्सुकतेने विचारले. शेवटी तोच पगार सांगितला. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. बंदी उठून होड्या पाण्यात जातील, त्याच सुमारास माझं तिथलं काम सुरू होईल.

घरी आल्यापासून सगळे विचारतायत, कसं मिळालं, काय झालं. मी दादाला सांगितलं, वहिनीला सांगितलं, आणि काल मावशीच्या दारात बसून तिलाही सांगितलं की मी नाही म्हटलं, पाठ फिरवली, लिफ्टपर्यंत पोचले आणि त्यांनी मागून हाक मारली. मावशी सुपात सुकी करंदी निवडत होती. तिने मान वर करून थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. 'मारनारच,' म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून तुला एकटीला खरं सांगते. हाक कुणी मारली नाही, आई. मी वळसा मारून गेले.